पाकळीवरचं पाणी

नऊ वर्षं मी कुठल्याही देवळाची पायरी चढलो नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर त्यात विशेष काही नव्हतं. आजकाल शिकलेली पुष्कळ माणसं चढत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. पण मी गुरव. आमच्या घरात देवीची पूजा किती पिढ्या चालत आली हे कुणालाच धड सांगता येत नाही. लहानपणी भूक लागली की मी आईकडे जाण्याआधी गाभाऱ्यात नैवेद्य आला का ते बघून येत असे. असा माणूस देवळाला वळसा घालून जाऊ लागला तर लोकांना वाटतं, याचा विश्वास उडाला. माझं नेमकं उलट होतं. देवी आहे, ती बघते, आणि मी काय केलं तेही तिनं बघितलं आहे, याची मला पुरेपूर खात्री होती. म्हणूनच तिच्यासमोर उभं राहण्याची माझी छाती होत नव्हती.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या अलीकडे, समुद्राला लागून आहे. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, देऊळ आणि आमची चार घरं, खाली वाळूकडेला मासेमारी करणाऱ्या खारव्यांची वाडी. गावात कुठलंही मोठं काम देवीचा कौल घेतल्याशिवाय होत नसे. मुलीला स्थळ बघायचं, विहीर खणायची, होडी पाण्यात लोटायची, आजाऱ्याला कुणाचं औषध द्यायचं, सगळं आधी तिला विचारायचं. तगरीच्या फुलाच्या दोन पाकळ्या तीर्थात भिजवायच्या, एक देवीच्या पाषाणाच्या उजव्या अंगाला लावायची, एक डाव्या. मग गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे विचारणाऱ्याचं नाव घेऊन त्याचा प्रश्न देवीपुढे मांडायचा, आणि सगळ्यांनी गप्प बसून वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, की दोन्ही पाकळ्यांना पाणी सारखं लावायचं. तेवढंच आपलं काम, बाकीचं तिचं.

वडील गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला कळलं की पाणी सारखं लावलं नाही तर काय होतं. जिला पाणी जेमतेम लागलं ती लवकर सुकते आणि आधी पडते. हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही, माझ्या आधीच्या गुरवांनाही ते ठाऊक असणारच. पण ठाऊक असणं वेगळं आणि हात तिकडे जाणं वेगळं. माझा हात पहिल्यांदा गेला तो दयेपोटी. एका विधवेला माहेरी भावाकडे राहायला जायचं होतं आणि सासरची माणसं तिला सोडत नव्हती. देवीने होकार दिला तर त्यांना बोलायला जागा उरणार नव्हती. मी उजव्या पाकळीवरचं पाणी हळूच निथळू दिलं. ती बाई माहेरी गेली, सुखात राहिली, आणि मला वाटलं की देवीच्या मनात होतं तेच मी केलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसंच हे. त्यानंतर वर्षातून एखाददोनदा मी देवीला मदत करू लागलो.

चंद्रा ही भागीरथी खारवणीची एकुलती एक मुलगी. भागीरथीचा नवरा होडीवर तांडेल होता, म्हणजे होडी त्याच्या हुकमाने चालायची. पण घर चालायचं भागीरथीच्या हुकमाने. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती सडा चढून यायची आणि बाजाराला जाण्याआधी देवळाच्या पायरीला हात लावून जायची. त्या साली चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल जन्मतःच गेलं आणि चौथ्या दिवसापासून चंद्राला ताप भरला. सुईणीचे उपाय झाले, अंगारा झाला, ताप उतरेना. श्रावण लागायला आठ दिवस होते. खाड्या भरून वाहत होत्या, त्या ओलांडायच्या होड्या, म्हणजे तरी, बंद होत्या, त्यामुळे पायवाटेने रत्नागिरीला जाणं शक्यच नव्हतं. उरला समुद्र, आणि त्या दिवसांत आमच्याकडे कुणी समुद्राला पाय लावत नाही. तरी तांडेल आणि त्याचे दोन भाऊबंद होडी बाहेर काढायला तयार झाले होते. देवीने होय म्हटलं की लोटायची, एवढंच बाकी होतं.

भागीरथी भिजत वर आली, मागोमाग तांडेल. ओल्या लुगड्याने गाभाऱ्यात येऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मला म्हणाली, "गुरवानू, आईला इचारा. माज्या बायला रत्नांग्रीच्या इस्पितळात न्हेऊ, का हितंच ऱ्हाऊ दे तिच्या पायाशी? ती म्हनंल तसं करतव."

मी आत गेलो. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते आता मी न लपवता सांगतो. एक तर त्या तीन माणसांच्या जिवाची भीती होती. लाटा मी वरून बघितल्या होत्या, आणि एका मुलीसाठी तीन घरं बुडतील असं मला खरोखरच वाटलं. मुंबईत मी कित्येक वर्षं स्वतःला हेच एक कारण सांगत राहिलो. पण दुसरंही एक होतं. आदल्या वर्षी एका कुणब्याला रत्नागिरीला जाऊ नको असा कौल झाला होता. तो कौल न जुमानता तो गेला, बरा होऊन आला, आणि पारावर बसून म्हणाला की गुरवाच्या पाकळीपेक्षा डॉक्टरची बाटली बरी. लोक हसले. मीही हसलो. पण ते शब्द माझ्या मनाला कुसासारखे टोचत राहिले. गावातला आजारी माणूस इस्पितळाकडे निघाला की मला तो देवीला सोडून चालल्यासारखा दिसे, आणि खरं तर तो मला सोडून चाललेला असे. डाव्या पाकळीला मी पाणी कमी लावलं. या दोन कारणांपैकी कुठल्या कारणासाठी लावलं हे देवीलाच ठाऊक. मला वाटतं दुसऱ्याच.

डावी पाकळी पडली. तांडेलाने सोडलेला श्वास मला आतपर्यंत ऐकू आला. भागीरथी अंगारा पदरात बांधून खाली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. दोन दिवस समुद्र इतका निवळला होता की सड्यावरून बघणाऱ्या कुणालाही वाटावं, आता होडी सहज जाईल. होडी वाळूवरच राहिली, कारण देवीने नको म्हटलं होतं. चौथ्या दिवशी चंद्रा गेली. सतरा वर्षांची होती.

सुतक फिटल्यावर भागीरथी देवळात आली. पायरी चढली नाही. खाली अंगणात उभी राहून तिने देवीला सांगितलं, "तुजा शबूद मोडला न्हाय मी. तू मना फशिवलंस. आता तुज्या दारात माजा पाय पडायचा न्हाय." ती ओरडली नाही, शेजारणीशी बोलावं तसं बोलली. मी दारात समईत तेल घालत होतो. तिथेच, त्याच क्षणी, मी बोललो असतो तर सगळं वेगळं झालं असतं. चंद्रा परत आली नसती, पण दोष जिथला तिथे राहिला असता. मी बोललो नाही. तेल घालत राहिलो. उलट तिने मला नाही, देवीला बोल लावला, याचं मनात कुठेतरी बरं वाटलं. माझ्या पापाचा हा भाग मला अजूनही सगळ्यात जड वाटतो. पाकळी सुकी ठेवली तेव्हा मी निदान काहीतरी चांगलं करतो आहे अशी स्वतःची समजूत घातली होती. इथे घालायला समजूतही नव्हती.

त्यानंतर मला पूजा करवेना. माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं, मागे ओढणारा कसलाच पाश नव्हता. चुलतभावाला पूजा सांभाळायला सांगून मी पहिल्या आगबोटीने मुंबईला गेलो. गोदीत मला काम मिळालं. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या अंगाला दोन दोरांवर फळी सोडतात, त्या फळीवर बसून दिवसभर लोखंडावरचा गंज खरवडायचा. हे काम मला आवडलं असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण त्यात कुणी मला काही विचारत नव्हतं. गावची माणसं भेटली की मी वाट बदलत असे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी नुसतं "काय गुरव, बरे आहात ना," म्हटलं तरी मला वाटे याला सगळं माहीत आहे.

अशी नऊ वर्षं गेली. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या दुसऱ्या वर्षी, पौषात, माझ्या फळीचा एक दोर तुटला आणि मी गोदीच्या पाण्यात पडलो. मला पोहता येतं, पण पडताना डोकं जहाजाला आपटलं होतं. तेलकट पाणी नाकातोंडात गेलं. बुडणाऱ्याच्या तोंडी आपोआप देवाचं नाव येतं असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. माझ्या तोंडी काहीच आलं नाही. नाव आठवलं नाही असं नव्हे. आठवलं, आणि ते घ्यायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून मी ते गिळलं. बरोबरच्या माणसांनी दोर टाकून मला वर ओढलं. त्यानंतर आठ दिवस खोलीवर पडून होतो. वाचल्याचा आनंद काही झाला नाही. उरलेलं आयुष्य मी असाच तोंड मिटून काढणार आणि एक दिवस असाच तोंड मिटून जाणार, एवढंच मला दिसत होतं. त्या आठ दिवसांत मी ठरवलं की गावी जायचं आणि भागीरथीला सांगायचं. पुढे देवी काय करायचं ते करील.

ठरवणं सोपं होतं. आगबोट थेट जैतापूरपर्यंत जात होती, तिथून गाव जवळ. पण रत्नागिरीचं बंदर आलं तेव्हा माझा धीर सुटला आणि मी तिथेच उतरलो. पायी गेलो तर दोन दिवस तरी जास्त मिळतील, एवढाच हिशेब. पावसपर्यंत बरा चाललो. पूर्णगडाची खाडी तरीतून ओलांडेपर्यंत अंगात कणकण भरली होती. पलीकडचा चढ चढून गेल्यावर वाटेच्या कडेला चिऱ्यांचं एक लहानसं देऊळ दिसलं. सकाळचं ऊन होतं तरी मला हुडहुडी भरली होती. देवळात जायचं नाही हा नेम नऊ वर्षं पाळला होता, पण पाय ऐकेनात. सभामंडपात जाऊन मी भिंतीला टेकून बसलो. गाभाऱ्याकडे पाठ केली होती.

तिथे एक म्हातारी आणि तिची तरुण सून आधीच बसलेल्या होत्या. कुणाची तरी वाट बघत असाव्यात. जमिनीवर कालची फुलं वाऱ्याने पसरली होती. ती कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून मी सरपटत जाऊन गोळा केली आणि कोपऱ्यात ठेवली. आपण हे करतो आहोत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. हात लहानपणापासून करत आले होते.

म्हातारी बघत होती. म्हणाली, "तुमी गुरव काय वो?"

मला खोटं बोलायचं होतं. पण ताप होता, त्राण नव्हतं. मी होय म्हटलं. मग तिने सगळं सांगितलं. इथल्या गुरवाच्या घरी सुतक पडलं होतं, त्यामुळे दहा दिवस तो देवाला शिवणार नव्हता. तिला कौल लावून हवा होता. तिचा मुलगा मोठ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला होता आणि चार वर्षं त्याची चिठ्ठी नव्हती. दर वर्षी ती इथे येऊन एकच गोष्ट विचारत होती, मुलगा जिता आहे की नाही. मी म्हटलं की मी नऊ वर्षं देवाला हात लावलेला नाही, मी यातून सुटलेला माणूस आहे, मला सांगू नका. ती म्हणाली, "देव काय तुमचा हात बघनार हाय? फूल तर लावायचं. लावा."

विहिरीवर जाऊन मी हातपाय धुतले. तगरीचं झाड देवळामागेच होतं. त्या देवापुढे उभा राहिलो तेव्हा मला गाऱ्हाण्याचे शब्द आठवतील की नाही याचीही खात्री नव्हती, पण ते आले. सून मागे हात जोडून उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं. वय बावीस-तेवीस असेल. मी पाकळ्या तीर्थात बुडवल्या आणि माझ्या बोटांनी उजव्या पाकळीवरचं पाणी निथळू दिलं. मी ठरवून केलं नाही. त्या कुंकवाकडे बघून हात आपल्या जुन्या वाटेने गेला. दोन्ही पाकळ्या लावून झाल्या, आणि मग मला दिसलं की मी काय केलं आहे. नऊ वर्षं जे विसरण्यासाठी मी गंज खरवडला ते जसंच्या तसं माझ्या बोटांत होतं.

मी दोन्ही पाकळ्या काढल्या. म्हातारीला म्हटलं, जरा चुकलं, परत लावतो. नव्या पाकळ्या आणल्या. या वेळी दोन्ही पूर्ण बुडवल्या, दोन्ही सारख्याच वेळ धरल्या, दोन्ही सारख्या दाबल्या. वडील जवळ उभे राहून बघत आहेत असं समजून लावल्या. मग मागे सरलो आणि बसलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्या वेळात मी देवाजवळ काहीच मागितलं नाही. उजवी पडू दे असंही नाही. मागायला तोंड उघडलं असतं तर तेही पाणी कमी लावल्यासारखंच झालं असतं असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कौल दुसऱ्या कुणाचा तरी आहे अशा रीतीने वाट बघत होतो. डावी पाकळी पडली.

सुनेचे जोडलेले हात सुटले. मी म्हातारीकडे बघू शकत नव्हतो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "चार वर्सं समदे मना उजवाच कौल देत व्हते. मी रडनार म्हनून देत व्हते. मना काय कळत नव्हतं?" तिने पदराने डोळे पुसले. "ही पोर माज्या घरात अडकून पडलीय. ह्यो यील, ह्यो यील म्हनून मीच धरून ठेवलं तिला. आता हिच्या आवशीला सांगते, हिचा पाट लावा, दुसरं लगीन करून द्या. कुनीतरी एकदा खरं सांगायला हवं व्हतं."

त्या म्हातारीच्या घरी मी तीन दिवस तापाने पडून होतो. मुलगा गेल्याचं ज्याच्या हातून कळलं त्याला तिने स्वतःच्या घोंगडीवर निजवलं, पेज भरवली, पाय चेपले. सुनेने कपाळ पुसलं होतं. पण पेजेचं भांडं माझ्यापुढे ठेवायचं तिने एकदाही चुकवलं नाही. दोघी मधूनच रडत होत्या आणि मधूनच कामाला लागत होत्या. म्हातारीचा मुलगा खरोखरच गेला होता का, हे मला माहीत नाही, आणि पाकळीने खरं सांगितलं की नाही याचा वाद घालण्याइतकं ज्ञान मला नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या सकाळी मी मध्ये आलो नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मी म्हातारीला माझी सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं ती पेजेचं भांडं उचलून नेईल. ती म्हणाली, "मंग हितं कशाला बसलाव? त्या बाईला जाऊन सांगा. तिची पोर तर गेलीच. तिचा देव पन तुमी ठेवलाव न्हाय." मी त्याच दुपारी निघालो.

गावात पोचलो तेव्हा खारवीवाडीत ओटीवरच्या बायकांनी मला ओळखलं नाही. भागीरथी वाळूवर मासळी सुकत घालत होती. केस पांढरे झाले होते. तांडेल मधल्या काळात गेला होता हे मला तिच्या कपाळावरून कळलं. मी चार हातांच्या अंतरावर वाळूतच बसलो. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा काम करू लागली. मी म्हटलं, "भागीरथीबाय, चंद्राच्या वक्ताचा कौल आईचा नव्हता. माजा व्हता. डाव्या पाकळीला मी पानी कमी लावलं व्हतं."

तिचा हात थांबला. मी पुढचंही सांगितलं, कुणब्याच्या बोलण्याचं, माझ्या मनात सलत असलेल्या त्या शब्दांचं, आणि ती अंगणात उभी राहून देवीला बोलली तेव्हा मी गप्प राहिलो त्याचंही. होडीवरच्या तिघांच्या जिवाची भीती मी सांगितली नाही. ती खरी होती, पण त्या वाळूवर बसून सांगण्यासारखी नव्हती.

तिने विचारलं, "आई काय बोलली असती त्या दिशी?"

"ठाव न्हाय," मी म्हटलं. "मी तिला बोलायला दिलंच न्हाय."

"मंग मी नव वर्सं कोनावर रुसून बसले?"

तिने सुकलेले मासे उलटायला घेतले. एक रांग संपवली, दुसरी संपवली. मी तिथेच बसलेला बघून ती म्हणाली, "ऊठ हितनं." इतकी वर्षं ती मला "गुरवानू, तुमी" म्हणत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला एकेरी हाक मारली. मी उठलो.

चुलतभावालाही मी सगळं सांगितलं. त्याने दोन दिवस मला ओटीवरच ठेवलं. मग म्हणाला, पूजेला तुला हात लावू देणार नाही. मी म्हटलं, मला पूजा नकोच आहे. अंगण झाडीन, विहिरीचं पाणी आणीन, पडलेली फुलं उचलीन. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी पोचवायचं आणि तिथून परत फिरायचं. लोकांमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. काहींनी मला तोंडावर शिव्या दिल्या, काही थुंकले. तो कुणबी मात्र येऊन माझ्याजवळ थोडा वेळ बसून गेला. हे सगळं माझं होतं, मी ते घेतलं. नऊ वर्षं जे ओझं देवीच्या डोक्यावर ठेवून मी पळालो होतो ते आता ज्याचं त्याच्याकडे आलं होतं, आणि खरं सांगतो, ते जड असलं तरी त्याखाली मला झोप येऊ लागली.

पंधरा दिवस भागीरथी वर आली नाही. मग एका मंगळवारी मी अंगण झाडत असताना ती सडा चढून येताना दिसली. हातात ओटीचं सामान होतं, खण आणि नारळ. मी बाजूला भिंतीशी जाऊन उभा राहिलो. ती माझ्यासमोरून गेली, पायऱ्या चढली, आणि आत गेली. तिचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "बाय, मी तुला फुकट बोल लावला गं. नव वर्सं." मग शब्द थांबले आणि नुसतं रडणं ऐकू आलं. चंद्रा गेली तेव्हाही ती देवीपुढे रडली नव्हती, आणि त्यानंतर रडायला तिला जागाच उरली नव्हती. नऊ वर्षांचं रडणं ती त्या दिवशी तिथे ओतत होती. मी भिंतीला कपाळ लावून उभा राहिलो. माझ्या तोंडी देवीचं नाव केव्हा आलं ते मला कळलं नाही.

आता ती दर मंगळवारी येते. माझ्याशी बोलत नाही, माझ्याकडे बघत नाही. बोलेल, अशी आशा सुरुवातीला मी करत होतो. हळूहळू तीही सोडली, कारण ती आशा म्हणजे तिच्या मनातलं माझ्या सोयीने हलवायची जुनीच खोड आहे असं मला दिसलं. मला जे मिळालं ते माझ्या लायकीपेक्षा कितीतरी जास्त आहे. परक्या गावातल्या एका म्हातारीने आपलं दुःख बाजूला ठेवून मला पेज भरवली, आणि मला माझ्या दारात परत आणून सोडलं. तिला कुणी पाठवलं असं कुणी विचारलं तर मी हात जोडतो, दुसरं काही सांगत नाही. माणसाने आपल्या वाट्याचं काम सरळ करावं आणि उरलेलं ज्याचं आहे त्याच्यावर सोडावं, हे कळायला मला अर्धं आयुष्य आणि दुसऱ्याची मुलगी लागली.

गेल्या मंगळवारी पायऱ्या पावसाने निसरड्या झाल्या होत्या. वर चढताना भागीरथीचा पाय घसरला. मी जवळच होतो, झाडू टाकून हात पुढे केला. तिने माझा हात बघितला, भिंतीचा आधार घेतला, तोल सावरला आणि वर गेली. आतून घंटा वाजली. मी झाडू उचलला आणि पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायला बसलो.